करंगळीचं टोक

"कृपया हात लावू नका." माझ्याखाली पाटी आहे, तिच्यावर असं लिहिलंय. ज्याला एक्केचाळीस वर्षं मुठीने बडवलं, त्याच्याखाली ही पाटी! रोज वाचतो आणि रोज अंगाचा तिळपापड होतो.

कोण बोलतंय म्हणून इकडेतिकडे बघू नका. समोर बघा, भिंतीवर. कापडावर नक्षी उठवायचा लाकडी ठसा आहे मी. वीतभर लांब, चार बोटं रुंद. पोटावर एक वळलेली वेल, पाच पानं आणि एक कळी. वर्ष झालं, या दुकानात खिळ्याला लटकतोय. डोक्यावर पिवळा दिवा जळतो. येणारा-जाणारा समोर उभा राहतो, मान तिरकी करतो आणि "वा!" म्हणतो. अरे, वा काय वा? काम बघितलंयस का माझं कधी? माझं कुणाशीही गोड नाही, आधीच सांगून ठेवतो. आज तोंड उघडलंय तर सगळं बोलणार. कुणाला लागलं तर लागो.

जन्मापासूनच माझ्या नशिबी शिव्या. एका म्हाताऱ्या छपाईवाल्याने मला करायला टाकलं. कोरणारा सुतार एक नंबरचा तोंडाळ. शिसवाचा तुकडा मांडीत धरून अकरा दिवस मला कोरत होता आणि अकरा दिवस त्या म्हाताऱ्याचा उद्धार करत होता. "पाच पानं पाहिजेत म्हणे! चारात भागलं नसतं का मेल्याचं?" छिन्नी माझ्या पोटात आणि शिव्या माझ्या कानात. मग पाठीला मूठ ठेवली, हवा जायला भोकं पाडली आणि मला आठवडाभर तेलात बुडवून ठेवलं. तो आठवडा तेवढा बरा गेला. कुणी बोलायला नव्हतं.

म्हाताऱ्याचं छापखान्यावर राज्य होतं. एक लांबलचक टेबल, त्यावर गोणपाटाच्या थरांची गादी, बाजूला रंगाची थाळी. मागच्या अंगणात सालींचे आणि मुळांचे रंग उकळत. त्यांच्या वासाने शेजारीपाजारी नाकाला रुमाल लावून जात. म्हाताऱ्याचा मुलगा तेव्हा पंचविशीचा. त्याला सगळे ठोक्या म्हणत. ठसा कापडावर टेकवला की हा असा काही ठोका मारायचा की पलीकडच्या घरातली भांडी वाजायची. पहिला ठोका मधोमध, दुसरा जरा डावीकडे. माझी सगळी पाठ त्या डाव्या ठोक्याने झिजलीय. दुखायचं. पण ते दुखणं माझं हक्काचं होतं.

आता माझ्या शेवटच्या पानाकडे बघा. टोक नाही. लोक विचारतात, जुनं आहे म्हणून झिजलं का? झिजलं कशाने? फोडलंय!

झालं असं, की ठोक्याने एक दिवस तयार रंगाचे डबे आणले. झाकण काढा, पाण्यात कालवा, छापा. साली कुटायला नको, तीन-तीन दिवस चुलीपुढे बसायला नको. म्हाताऱ्याने डबे बघितले आणि त्याचं डोकं फिरलं. "माझ्या बापाने, त्याच्या बापाने जे केलं ते तुला डब्यात बंद करायचंय? रंग नाही, औषध आहे हे. या डब्यांना हात लावायचा असेल तर माझ्या टेबलाला लावू नकोस." ठोक्या काय कमी? "तुमची फुफ्फुसं गेली त्या धुराने, आता माझी घालवा!" म्हणाला आणि हातात होतं ते भिंतीवर भिरकावलं. हातात मी होतो.

टोक उडालं. नंतर केरात शोधलं, सापडलं नाही. दुसरा ठसा करून घ्यावा की नाही? पण म्हातारा खडूस. म्हणाला, "तूच फोडलंस ना? मग तूच भर." तेव्हापासून माझा छापा उठला की ठोक्याने करंगळी रंगात बुडवायची आणि पानाचं राहिलेलं टोक बोटाने टिपायचं. प्रत्येक छाप्याला. दिवसाला पाचशे छापे असले तर पाचशे वेळा. शिक्षाच ती, उघडउघड. दोघं दोन महिने एकमेकांशी बोलले नाहीत. डबे मात्र राहिले, कारण म्हाताऱ्याचा खोकला खरा होता.

आता गंमत ऐका. म्हातारा गेला, वर्षं गेली, आणि गिऱ्हाइकं ते बोटाचं टोक शोधायला लागली. "टोक जरा फिकं आहे ना? बोटाचं आहे ना? मग अस्सल." एका भांडणातली शिक्षा, तिची खूण झाली. पुढे सगळ्या गावात आमच्या पाच पानांच्या वेलीचं नाव झालं. बसथांब्याच्या भिंतीवर मी, शाळेच्या फाटकावर मी, कचऱ्याच्या डब्यांवरसुद्धा मी! भाषणात पुढारी ओरडायचे, ही वेल म्हणजे आपल्या भागाची ओळख. अंगात सदरा गिरणीचा, आणि ओळख माझी. एकानेही येऊन हातभर कापड घेतलं नाही. वर या भाषणबाज लोकांना कुणी सांगावं, की ज्याला परंपरा म्हणून ऊर बडवताय ते डब्यातल्या रंगाचं आणि फुटक्या लाकडाचं आहे? मी कामात होतो तोवर मला कुणी परंपरा म्हणत नव्हतं. ठसा म्हणत. "ए, तो ठसा दे इकडे," एवढंच. फार बरं वाटायचं ते.

ठोक्याला एकच लेक. दिसायला आईसारखी, बोलायला बापासारखी, म्हणजे बोलायलाच नको. लहानपणापासून कापड धुवून, वाळत घालून तिचे हात कोपरापर्यंत कायमचे निळे. शहरात जाऊन कॉम्प्युटरवर नक्षीकाम शिकून आली. आली ती मागच्या खोलीत छपाईचं मशीन बसवायचंय म्हणूनच.

मी टेबलावरच होतो तेव्हा. ठोक्या छापत होता, उजवा खांदा वर जाईनासा झालेला, तरी ठोकत होता. ती म्हणाली, "बाबा, ऑर्डरी तीन महिने मागे आहेत. खांदा बघा तुमचा. मी मशीन सांगून आलेय."

"सांगून आलीस? मग मला कशाला सांगतेस?"

"तुम्ही नाही नाही तेच म्हणणार, म्हणून."

ठोक्याची करंगळी तेव्हा कापडावर होती. ती घसरली. टोक पानावर बसायच्या ऐवजी खाली ओघळलं, छोट्या शेपटीसारखं. त्याने तसंच सोडलं. "माझ्या बापाच्या टेबलाशेजारच्या खोलीत ते यंत्र आलं," तो म्हणाला, "तर मी त्या खोलीत पाऊल टाकणार नाही." मला हसू आलं, पण लाकडाला हसता येत नाही. असलंच वाक्य मी आधी ऐकलं होतं, फक्त तेव्हा तो डब्यांच्या बाजूला होता.

मशीन आलं. पोरीने नक्षी कॉम्प्युटरवर चढवायला काय घेतलं असेल? मी समोर पडलेलो होतो, पण मला नाही घेतलं. तिला ते बोटाचं टोक पाहिजे होतं ना, अस्सल दिसायला! म्हणून तिने बापाने छापलेलं कापड घेतलं. आणि घाईत नेमकं त्या भांडणाच्या दिवसाचं घेतलं. शेपटीसकट. मशीनने मग ती शेपटी वीत-वीत अंतरावर छापायला सुरुवात केली. तीच शेपटी, तेवढीच लांब, त्याच जागी. हजार वेळा, दहा हजार वेळा. घर्रर्र, घर्रर्र. ठोका नाही, श्वास नाही, एक शिवीसुद्धा नाही.

बापाचं टेबल एका कडेला ठेवून पुढच्या दालनाचं तिने दुकान केलं. दारावर बोर्ड लावला: "तीन पिढ्यांची हातछपाई." त्याखाली ठेवला मशीनचा माल. आणि साक्षीदार म्हणून भिंतीवर टांगलं मला. ठोक्याने छापायला दुसरा साधा ठसा घेतला, ठिपक्यांचा. त्या दिवसापासून बाप-लेकीचं बोलणं बंद.

बंद म्हणजे आईमार्फत चालू. तिघं एकाच ताटाभोवती जेवायला बसल्यासारखी एका टेबलाशी उभी, आणि हा म्हणणार, "तुझ्या लेकीला सांग, त्या यंत्राचा आवाज कमी कर." ती म्हणणार, "आई, बाबांना सांग, कानात कापूस घाला." आई बिचारी कापड घडी करता करता वैतागायची. "मला पगार द्या दोघं. टपाल वाटायची नोकरी आहे ही." मी वरून बघायचो. सात महिने दिव्याची धग डोक्यावर. तेलाचं बोट कुणी लावलं नाही. लाकूड आतून तडतडायला लागलं होतं, मला कळत होतं. मला एकच हवं होतं. मरायच्या आधी एकदा कापडावर पडायचं होतं. बाकी यांच्या घराची राखरांगोळी झाली असती तरी मला चाललं असतं.

आणि मग त्या तपासणीच्या बाई आल्या.

हस्तकलेच्या कार्यालयाकडून छापखान्याला हातकामाची मोहोर मिळते. दर तीन वर्षांनी माल तपासतात. मोहोर गेली की हातछपाई म्हणून एक रुमालसुद्धा विकता येत नाही, आणि हातछपाईचा म्हणूनच ठोक्याचा माल घेणारे घेत. मोहोर म्हाताऱ्याच्या नावाने मिळालेली, नंतर ठोक्याच्या नावावर आलेली. दुसरं काहीच नाही त्याच्या नावावर. बाईंच्या नाकावर चष्मा, वर हातात भिंग. पाणी विचारलं तर नको म्हणाल्या. अशा माणसांची मला भीती वाटते. पाणी घेणारा माणूस निदान बसतो तरी.

बाईंनी दुकानातले दोन तागे काढले. एक कापड दुसऱ्यावर ठेवलं आणि दोन्ही मिळून खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ बघत राहिल्या. शेपटीवर शेपटी, शेपटीवर शेपटी.

"बोट छान घसरलंय," बाई म्हणाल्या. "पण हाताची चूक दुसऱ्यांदा त्याच जागी होत नाही. हे कुणी छापलं?"

आईच्या हातातली घडी तशीच राहिली. लेकीने तोंड उघडलं, पण ती बोलायच्या आधी टेबलाकडून आवाज आला.

"मी छापलं," ठोक्या म्हणाला.

मी उडालोच! या माणसाने सात महिने त्या मालाकडे बघितलं नव्हतं. त्या खोलीवरून जाताना तोंड फिरवायचा.

"तुम्ही?" बाई म्हणाल्या.

"मी नाहीतर कोण? मोहोर माझ्या नावावर आहे."

"मग मीटरभर छापून दाखवा. याच ठशाने."

आणि ठोक्या स्टुलावर चढून मला खाली काढायला लागला. खांदा वर जाईना. डाव्या हाताने तार सोडवली. त्याची बोटं पाठीवरच्या त्या झिजलेल्या खड्ड्यावर पडली आणि काय सांगू, मी सगळ्यांवरचा राग विसरलो. थोडा वेळच. तो माझ्याकडे बघून पुटपुटला, "वाळून काटकी झालीय रे तुझी." तेल लावायला वेळ नव्हता. बाई उभ्याच होत्या.

रंगात टेकलो. कापडावर आलो. पहिला ठोका मधोमध. दुसरा डावीकडे. अहाहा! सात महिन्यांनी जिवंत झालो. करंगळी आली, टोक टिपून गेली. दुसरा छापा, तिसरा, चौथा. करंगळी कधी जरा जाड, कधी जरा वर, एकदा थरथरली म्हणून दोन ठिपके पडले. मला मात्र आत कळत होतं, मी फार टिकणार नाही. नवव्या छाप्याला एक बारीक रेघ आली. दहाव्याला ती कळीपर्यंत पोचली. थांब म्हणावं तर मला थांबायचं नव्हतं आणि त्यालाही थांबता येत नव्हतं. बाराव्या ठोक्याला कडकन आवाज झाला आणि मी मधोमध चिरलो.

ठोक्या खाली वाकून माझ्याकडे बघत राहिला. हात तसाच वर.

बाईंनी ते बारा छापे भिंगाखाली बघितले. मग बोलल्या, आवाज न चढवता, "हे तुमचं आहे. ते तुमचं नाही. खोटं बोललात."

आणि मग भडका उडाला. पण बाईंवर नाही. लेक सरळ बापावर धावून गेली. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला खोटं बोलायला? माझं आहे ते! मशीनचं आहे! मी सांगणारच होते. तुमची मोहोर घालवायची होती का?"

"आणि तू दारावर बोर्ड लावलास तो खरा होता?"

"नव्हता! माझी चूक होती! पण तुम्ही खांदा मोडून घेणार आणि मी बघत बसणार, हे बरोबर होतं?"

"तुला मी बघायला सांगितलं होतं? माझ्या भांडणाचं कापड घेऊन त्याची नक्कल काढलीस तू. त्या दिवशी मला रडू आलं होतं, म्हणून बोट घसरलं. ते रडू तू दहा हजार वेळा छापलंस!"

आई खुर्चीवर बसली. मी दोन तुकडे होऊन पडलो होतो आणि मला एवढंच वाटलं, की सात महिन्यांनी ही दोघं सरळ बोलली. शिव्यांनी का होईना, पण आईमार्फत नाही.

बाईंनी कागद भरला. हाताच्या मालावर मोहोर राहील. मशीनच्या मालावर मशीनचा असंच लिहायचं, ठळक. बोर्ड आजच उतरवायचा. पुन्हा सापडलं तर दोन्ही बंद. जाताना मागे वळून म्हणाल्या, "आता पाणी चालेल." पण त्यांना पाणी द्यायच्या मनःस्थितीत कुणीच नव्हतं.

माझं काय केलं? जाळायचं होतं, सरळ! चुलीत घातलं असतं तर एक पातेलं पाणी तरी तापलं असतं. पण नाही. सरस लावून चिकटवलं आणि पुन्हा खिळ्याला. कोरणारा सुतार केव्हाच मेलेला, त्याच्यामागे ते काम कुणी शिकलं नाही. तेव्हा लेकीने काय करावं? तिने माझी मापं घेतली, कॉम्प्युटरवर चढवली आणि लाकूड कोरायच्या मशीनवर माझा जुळा काढून आणला. मला अकरा दिवस लागले होते. त्या कार्ट्याला चाळीस मिनिटं. ना शिव्या खाल्ल्या, ना छिन्नी. नवंकोरं, चकचकीत, पाठीवर एक खड्डा नाही. त्याला बघून माझ्या भेगेत पुन्हा कळ आली.

ठोक्याने ते हातात घेतलं, उलटं केलं, नाकाजवळ नेलं, वास घेतला. वासात काही सापडलं नाही. मग पोटावरून अंगठा फिरवत शेवटच्या पानापर्यंत आला आणि थबकला.

"टोक राहिलंय," तो म्हणाला. आईकडे बघून नाही, थेट लेकीला. "एवढं यंत्र, आणि टोक विसरलं!"

"विसरलं नाही," लेक कापडाची सुरकुती काढत म्हणाली. "कॉम्प्युटर आपणहून टोक पुरं करत होता. मी ते मुद्दाम काढून टाकलं. मग तुमच्या करंगळीला काय काम ठेवू?"

ठोक्याने तिला एक सणसणीत शिवी हासडली. मग ठसा रंगात टेकवला, कापडावर ठेवला, मधोमध एक, डावीकडे एक. आणि करंगळी बुडवून टोक टिपलं. जरा जास्तच वेळ लावला टिपायला. लेकीने ते बघितलं आणि मागच्या खोलीत जाऊन मशीन चालू केलं. घर्रर्र. ठोक्याने कानात कापूस घातला नाही. अजून दोघं धड बोलत नाहीत. पण त्या भिंतीच्या दोन बाजूंना दोन्ही कामं चालू आहेत, एकमेकांना शिव्या देत.

माझं काय? मी इथेच. मला त्या नव्या ठशाचा राग येतो, पोरीचा येतो, बापाचा येतो, बसथांब्यावरच्या माझ्या चित्राचा तर फारच येतो. तो जाणार नाही. पण तुम्ही जे समोर उभे राहून मान तिरकी करताय ना, तुम्हाला एक सांगतो आणि गप्प बसतो. ती पाटी वाचू नका. हात लावा. शेवटच्या पानाला टोक नाही, तिथे तुमची करंगळी ठेवा. बसते का बघा. मग "वा" न म्हणता बाहेर पडा आणि आपापल्या कामाला लागा.